चारात एक, पण दर खेपेला

महोदय,

आपल्या सोलापुरात मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात सोयरीक करणं नवं नाही. काही घरांत सख्ख्या मामाशीही भाचीचं लग्न लागतं. परवा रक्ततपासणीच्या रांगेत शेजारच्या आजी सांगत होत्या, "डॉक्टर म्हणले चारात एक. एक आजारी झालंय की ओ आता, पुढची तीन धडधाकट!" नातवाला थॅलेसेमिया, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार; दर महिन्याला रक्त चढवावं लागतं.

मी जुना विज्ञानाचा मास्तर, राहवलं नाही. जनुक म्हणजे आई-वडिलांकडून येणारी शरीराच्या घडणीची सूचना. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. अशा आजारात एकच प्रत सदोष असेल तर माणूस हिंडता-फिरता, त्याला पत्ताही नसतो. आई-वडील दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, नुसतं वाहक असण्याची ५०. आधीच्या बाळाचा हिशेब पुढच्याला लागू नाही. खिशातली दोन नाणी आजींना उडवायला दिली. दोन्ही काटे म्हणजे आजारी. लागोपाठ दोनदा काटा-काटा पडला, आजी गप्पच झाल्या.

नात्यात हा धोका वाढतो, कारण मामा-भाचीचे सरासरी पाव जनुक सामाईक असतात, मामे-आते भावंडांचे एक अष्टमांश. एकाच आजोबांची सदोष प्रत दोन्हीकडून येऊ शकते. (सुनेला एकटीला बोल लावणाऱ्यांनी 'दोन्हीकडून' हा शब्द पुन्हा वाचावा.)

नाणी परत देताना आजींनी विचारलं, "धाकट्याचं जमवायच्या आधी ही तपासणी कुठं करायची?"

— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर