विन्याला पत्र: मिकीचे कान, अ‍ॅटमचे केस

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

दिवाळीत ड्रॅगन बॉल या जपानी कॉमिकच्या नायकाबद्दल तू म्हणालास, "गोकू म्हणजे केस पिंजारलेला सुपरमॅन!" मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनींनी पानं घेतली आणि माझं उत्तर घशातच राहिलं. आज पोरगी क्लासला गेलीय, घर शांत आहे. घे उत्तर.

निम्मं तुझं खरं. तान्हेपणी दुसऱ्या ग्रहावरून यानात घालून पाठवलेला, इथल्या एका म्हाताऱ्याने वाढवलेला पोर, हे सरळ सुपरमॅनचं घराणं. पण त्याचे चित्रकार तोरियामा यांनी १९८४ साली गोकू आणला तेव्हा तो होता शेपटीवाला मुलगा, जुन्या चिनी कथेतल्या वानरराजावरून घेतलेला. नावसुद्धा त्या वानराचंच. ग्रहाची भानगड काही वर्षांनी आली. म्हणजे हाडं चिनी, कोट अमेरिकी.

खरी गंमत जपानी कॉमिकचे जुने उस्ताद तेझुका यांची. लहानपणी वडील घरच्या प्रोजेक्टरवर डिस्नेची कार्टूनं दाखवायचे. पुढे बॅम्बी म्हणे ८० वेळा पाहिला. त्यांच्या अ‍ॅटमच्या, म्हणजे अ‍ॅस्ट्रो बॉय या यंत्रमुलाच्या, डोक्यावरची केसांची ती दोन टोकं आठव. कुठूनही बघ, दोन्ही दिसतात. मिकीचे कान असेच, मान कशीही वळवली तरी दोन वाटोळे गोल. टपोरे डोळेही तिकडूनच आले. अ‍ॅटमची स्वतःची मालिका सुरू झाली १९५२ साली, जपानवरचा अमेरिकी ताबा उठला त्याच वर्षी. हिरोशिमाला सात वर्षं होत होती आणि पोराचं नाव काय, तर अणू! त्या नावापाशी मी दर वेळी अडखळतो.

आता यातली गोष्ट बघ. सुपरमॅनच्या आईबापांनी लेकरू वाचावं म्हणून त्याला यानात बसवलं. अ‍ॅटमच्या बापाने, डॉक्टर तेन्माने, अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी यंत्राचा मुलगा घडवला आणि तो वाढत नाही म्हणून सर्कशीला विकून टाकला. विन्या, कान मिकीचे असतील, पण हे दुःख डिस्नेकडून आलेलं नाही.

उलटा प्रवासही झालाय. १९७८ मध्ये तोएई या जपानी चित्रपट कंपनीने अमेरिकेच्या मार्व्हलकडून रीतसर स्पायडरमॅन घेतला आणि त्याच्या हाती चक्क अवाढव्य यंत्रमानव दिला. पुढच्याच वर्षी त्यांच्या सेंताई, म्हणजे रंगीत पोशाखातल्या वीरांच्या टोळीच्या, मालिकेतही तसा यंत्रमानव आला. आपण शाळेतून धावत येऊन बघायचो ते पॉवर रेंजर्स या सेंताईवरूनच अमेरिकेने बनवले. कोळ्याचं जाळं फिरून घरी!

सध्या पोरगी माय हिरो अकॅडेमिया ही जपानी कार्टून मालिका बघते. त्यातला ऑल माइट अगदी अमेरिकी कॉमिकमधून कापून चिकटवल्यासारखा: पिवळे केस, काळ्याभोर सावल्या, ठोशांची नावं टेक्सास स्मॅश, डेट्रॉइट स्मॅश. (केसांची दोन टोकं उभी. ओळखीची वाटतात?) आणि हाच माणूस आतून पार खंगलेला. जुन्या जखमेमुळे ते धिप्पाड शरीर त्याला दिवसातले जेमतेम तीन तास पेलतं, मग रक्त ओकणारा हाडांचा सापळा उरतो. आपली ताकद तो एका रडक्या, दुबळ्या मुलाला देतो. मूळ कॉमिक काढणाऱ्या होरिकोशींना अमेरिकी हिरो मनापासून आवडतात, हे पानोपानी दिसतं. तरी त्यांनी त्याला आजारी पाडला, वारस शोधायला लावला.

हा भाग लागला तेव्हा पोरगीने विचारलं, "बाबा, सुपरमॅन कधी म्हातारा होतो का?" मी काय सांगणार? तू सुपरमॅनचा वकील. तूच तिला उत्तर लिही. फोन नको, पत्रच पाठव.

वहिनींना नमस्कार. चकल्या संपल्या म्हणावं.

तुझा,
बाळ्या