आम्लाची तीव्रता केवळ सामूवरून ठरत नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विज्ञानविषयक लेखांत आणि अपघातांच्या बातम्यांत आम्लाची तीव्रता, संहती (द्रावणातील त्याचे प्रमाण) आणि धोका या तीन गोष्टी एकच असल्यासारख्या मांडल्या जातात. विद्यार्थीही मग ‘सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे हे दाखवणारा अंक) जितका कमी, तितके आम्ल तीव्र’ एवढेच लक्षात ठेवतात. प्रत्यक्षात ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) अ‍ॅसेटिक आम्लाचा सामू सुमारे २.९ असतो, तर ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा ३. म्हणजे येथे सौम्य आम्लाचेच द्रावण किंचित अधिक आम्लधर्मी ठरते. तरीही अ‍ॅसेटिक आम्ल सौम्यच राहते, कारण त्या द्रावणात त्याच्या दर शंभर रेणूंपैकी एखाद्याचेच विचरण (विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत विभाजन) झालेले असते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मात्र जवळजवळ पूर्ण.

विचरणाचे हे प्रमाणही स्थिर नसते, आणि माझ्या मते शिकवताना सर्वाधिक वेळ याच मुद्द्याला द्यायला हवा. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात सुमारे १.३ टक्के रेणूंचे विचरण होते. तेच द्रावण शंभर पट विरल केले की हे प्रमाण सुमारे १२.५ टक्क्यांवर जाते. आम्ल अधिक तीव्र झाले, असा याचा अर्थ मुळीच नाही. आयन एकमेकांपासून दुरावल्यामुळे त्यांची पुन्हा गाठ पडून रेणू बनण्याची शक्यता घटते आणि समतोल विचरणाच्या बाजूला सरकतो, मात्र एकूण आम्लच इतके कमी झालेले असते की हायड्रोजन आयनांची संहती घटते आणि सामू वाढून ३.९ च्या आसपास येतो. या सर्व बदलांत, तापमान तेच असेपर्यंत, कायम राहतो तो विचरण स्थिरांक (आम्लाचा विचरणाकडे मुळात किती कल आहे हे दाखवणारा अंक), जो अ‍ॅसेटिक आम्लासाठी २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.८ गुणिले १० चा उणे पाचवा घात इतका असतो. रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये आयनी विचरणाची कल्पना मांडली आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये विरलता व विचरण यांचा संबंध सूत्रात बसवला. तीव्रतेची तुलना करताना पाहायचा तो हाच स्थिरांक.

उदासिनीकरणासाठी लागणाऱ्या अल्कलीच्या मापावरूनही तीव्रता कळत नाही. समान आकारमानाच्या ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांना सोडियम हायड्रॉक्साइड सारखेच लागते, कारण मुक्त हायड्रोजन आयन वापरले जाताच उरलेल्या रेणूंचे विचरण होत राहते.

धोक्याच्या बाबतीत हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे उदाहरण गंभीर आहे. हायड्रोजन आणि फ्लुओरिन यांच्यातील बंध मजबूत असल्याने ते पाण्यात सौम्य आम्ल ठरते. परंतु त्याचे विद्युतभाररहित, अविचरित रेणू त्वचेतून सहज आत शिरतात आणि पुढे त्यांच्यापासून सुटणारे फ्लुओराइड आयन शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवतात; ही इजा प्राणघातकही ठरू शकते, आणि विरल द्रावणाने झालेल्या इजेच्या वेदना तर कित्येकदा काही तासांनंतर सुरू होतात. म्हणून अशा अपघाताची बातमी देताना आम्लाचे नाव आणि मिळाल्यास त्याची संहती अवश्य छापावी आणि ‘सौम्य आम्ल’ एवढ्याच उल्लेखावर बातमी थांबवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक