१९७१च्या डिसेंबरातल्या ड्रिलच्या सरांना

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

निवृत्त झाल्यावर तुम्ही साताऱ्याकडे आपल्या गावी गेलात आणि तिथेच वारलात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो. तुमच्या घरातलं कुणी वाचील. परळ-लालबागच्या चाळींतून तुमच्या हाताखाली आलेली पोरंही वाचतील. ती आता सत्तरीला टेकली आहेत आणि आपापल्या नातवंडांना 'ताठ बस' म्हणून ओरडतात.

३ डिसेंबर १९७१, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर बॉम्ब टाकले आणि लढाई सुरू झाली. मुंबईत ब्लॅकआउट. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, आणि चाळीत कुठे उजेडाची फट दिसली की खालून आरोळी, "ए दुसरा मजला, लाइट!" आम्ही नववीतली पोरं. आम्हाला तो अंधार, तो भोंगा, रात्री गॅलरीत जमून केलेल्या गप्पा, सगळंच भारी आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला एनसीसीची सगळी पोरं छाती काढून मैदानावर हजर. कागदोपत्री आमच्या ट्रूपचे अधिकारी गणिताचे सर, पण परेड घ्यायचात तुम्ही. आमचं एकच मागणं होतं, आता तरी रायफली बाहेर काढा. त्या होत्या पॉइंट टू टूच्या, म्हणजे सरावाच्या बारक्या गोळीच्या, पण आमच्या मते कराची घ्यायला पुरेशा. तुम्ही कपाटाच्या कुलपाची किल्ली आम्हाला दाखवलीत, खिशात टाकलीत आणि सगळ्या ट्रूपला लंगडी घालायला लावलीत. मैदानाला पुरा वेढा, मग पाय बदलून परत. दहावीतली मिशा फुटलेली पोरं लंगडी घालताना बघून पाचवीची पोरं खिडक्यांना लोंबकळून हसत होती.

मग आंधळी कोशिंबीर. तीही बारक्या पोरांची नव्हे, आमची. स्काउटचे रुमाल डोळ्यांवर बांधून तुम्ही आम्हाला शाळेच्या जिन्यावरून वर-खाली करायला लावलंत. आधी एकट्याने, मग दोघांनी मिळून, मग एकाला पाठीवर घेऊन. कुठल्या मजल्याला किती पायऱ्या हे आम्हाला पाठ झालं. त्याच आठवड्यात आमच्या चाळीत एक म्हातारी अंधारात जिन्यावर अडखळली, तेव्हा तिला उचलून खाली आणणारी पोरं याच नववीतली होती. त्यांना दिवा लागला नाही. ही गोष्ट तुमच्या कानावर घातली तर तुम्ही "बरं" एवढंच म्हणालात आणि शिट्टी फुंकलीत.

चढउतार आवाजाचा भोंगा म्हणजे धोका, सरळ एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला. कोपरांवर पालथं पडायचं, छाती जमिनीला टेकवायची नाही, कानात कापूस, दातांत रुमाल. त्रिकोणी पट्टी, रीफ नॉट, दोन बांबू आणि दोन सदऱ्यांचं स्ट्रेचर. हे त्या दिवसांत बऱ्याच शाळांत शिकवलं गेलं असेल. १९६५च्या आणि १९७१च्या लढायांत एनसीसीच्या पोरांनी नागरी संरक्षणाच्या माणसांबरोबर वाहतूक सांभाळली, बचावाच्या कामात हात दिला, दारूगोळ्याच्या कारखान्यांना मदत केली. पण हे सगळं खेळातून शिकवणारे तुम्हीच. कबड्डीच्या पटांगणात स्ट्रेचर ठेवायचात आणि नियम असा, की जो बाद झाला त्याला त्याच्याच संघाने स्ट्रेचरवर घालून रेषेबाहेर न्यायचं, न हिंदकळता. हिंदकळला तर समोरच्यांना एक गुण. काही डाव असे झाले की गुण सगळे स्ट्रेचरवरच गेले. तक्रार केली की म्हणायचात, "गोळी कुणीबी झाडील. उचलून आणाया दम लागतो."

हे तुम्ही कुठून आणलंत ते आम्हाला तेव्हा अर्धंच कळलं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढलेला माणूस आमचा ड्रिल मास्तर आहे याचा आम्हाला अभिमान होता, आणि मैदानावर बसवून तुम्ही नामदेव जाधवांची गोष्ट सांगायचात. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप घेऊन पळणारे. नदी ओलांडताना तुकडी माऱ्यात सापडली. जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, चढणीच्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं, आणि मग दुसऱ्यासाठी परत गेले. त्यानंतर एकट्याने मशिनगनची ठाणी उडवली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आम्हाला ऐकायचा असायचा तो मशिनगनचा भाग. तुम्ही तो दोन वाक्यांत उरकायचात. पाण्यातला भाग मात्र सावकाश सांगायचात. पाणी किती खोल, माणूस भिजला की किती जड होतो, एका माणसाला पोचवून आल्यावर पुन्हा त्याच वाटेने जाताना पाय कसे मागे येतात. इतकं बारीक सांगणारा माणूस स्वतः त्या पाण्यात उभा राहिलेला असणार, हे मला खूप नंतर सुचलं.

तुमच्या नशिबाची गंमत अशी की इंग्रजांच्या बाजूने लढून आलेले तुम्ही, पुढे आझाद हिंद सेनेच्या जनरलांच्या योजनेत नोकरीला लागलात. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ साली दिल्लीत निर्वासितांच्या पोरांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ती देशभरच्या शाळांत गेली आणि १९६५च्या सुमारास नॅशनल फिटनेस कोअरमध्ये मिसळली. तिथून तुम्ही आमच्याकडे. शिस्त योजनेत पोरांना गाणी, कवायत, खेळ एकत्र शिकवत. ते तुमच्यात मुरलेलं होतं. चीनच्या लढाईनंतर १९६३ साली कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली तेव्हा शिस्त म्हणजे बूट आपटणं, असा समज पसरला. आजही टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या की शाळाशाळांत पोरांना घोषणा पाठ करायला लावतात. मला ते बघवत नाही. याला कारण तुम्ही.

सगळंच तुमचं मला आवडायचं असं नाही. एकाने बुटाला पॉलिश केलं नाही की सगळ्या ओळीला उन्हात उभं करायचात, ते मला तेव्हाही चुकीचं वाटायचं आणि आजही वाटतं. तुमची छडी तर माझ्या मित्रांपैकी दोघांना अजून आठवते.

पण अकरावीतल्या त्या चौघांचं तुम्हाला आठवतं का? मॅट्रिकचं वर्ष, आणि वय वाढवून भरती व्हायला निघाले होते. हेडमास्तरांनी त्यांना भाषण दिलं असतं. तुम्ही त्यांना चहा पाजलात. दाराआडून आम्ही ऐकत होतो. तुम्ही त्यांना सांगितलंत की तुम्हीही वय वाढवूनच भरती झाला होतात, आणि बरोबरच्या गाववाल्या पोराची आई तुम्ही परत आल्यावर तुमच्याकडे कशी बघायची. "आदी परीक्षा. मग म्यां सोता घिऊन जातो." त्यांच्यातले दोघे पुढे खरंच सैन्यात गेले, परीक्षा देऊन, योग्य वयात.

आता माझं स्वतःचं.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' युद्धनौका बुडाली. पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. हे आज नीट सांगता येतं. तेव्हा चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी गोष्ट होती. दादा नौदलात, इंजिनखात्यात. त्याच्या शेवटच्या पत्रात 'तात्पुरतं दुसऱ्या जहाजावर जातोय' एवढंच होतं. बाबांची मिलमध्ये दुसरी पाळी, ती चुकवली की पगार कापला. आई देवापुढे बसायची आणि उठायची नाही.

मी शाळेत कुणाला काही बोललो नव्हतो. खो-खोच्या सरावात मला खो मिळाला आणि मी उठलोच नाही. तुम्ही ओरडला नाहीत. मला खुंटापाशी नेऊन विचारलंत. त्याच दुपारी, बिल्ले लावलेल्या खाकीत, तुम्ही आमच्या खोलीच्या दारात उभे होतात. "वैनी, चला. बघून येऊ." फोर्टपर्यंत बस, तिथून चालत नौदलाच्या गोदीचं लायन गेट. तिथे बायका-माणसांची रांग होती. तुम्ही पुढे घुसला नाहीत. आईला सावलीत बसवलंत, मला पाणी आणायला पाठवलंत आणि स्वतः तिच्या जागेवर रांगेत उभे राहिलात. नंबर आल्यावर दादाचं नाव आणि नंबर इतक्या खणखणीत आवाजात सांगितलात की आतल्या माणसाने मान वर केली. दादा सुखरूप होता, दुसऱ्याच जहाजावर. आई तिथेच खाली बसली.

परतीच्या बसमध्ये मी पेढ्यांचा विषय काढला. तुम्ही म्हणालात, घरात देवापुढे साखर ठेव, चाळीत वाटू नको. रांगेतल्या दोघी परळच्याच होत्या.

सर, ते तुम्ही कधी बघून ठेवलंत? मी त्या रांगेत आईशिवाय कुणाकडे पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी तुम्ही त्यांच्यापैकी एका घरी आम्हाला पाठवलंत. सांत्वनाला नाही, रेशनच्या रांगेत उभं राहायला आणि रॉकेल आणून द्यायला. तिचा धाकटा पोरगा सातवीत होता. १६ तारखेला ढाक्यातल्या शरणागतीची बातमी रेडिओवर आली आणि अख्खी चाळ खाली उतरून नाचली. दुसऱ्या दिवशी शाळेत तुम्ही आम्हाला हवं तेवढं ओरडू दिलंत. घसे बसल्यावर खो-खोचा सामना लावलात आणि त्या सातवीतल्या पोराला नववीच्या संघात घेतलंत. तो आमच्यापेक्षा चपळ निघाला. त्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेला तोच आमच्याकडून पहिला पळाला.

त्या दोन आठवड्यांत तुम्ही आम्हाला मोठ्यांच्या कामाला लावलंत आणि तरी पोरंच राहू दिलंत, याबद्दल मनापासून आभार. लायन गेटबद्दल तर आभार मानायला शब्द पुरत नाहीत, म्हणून मानत नाही. आई जाईपर्यंत तुम्हाला 'लायन गेटचे मास्तर' म्हणायची. तुमचं नाव तिला शेवटी आठवत नव्हतं, पण गावाहून कोकम आलं की त्यातलं तुमच्यासाठी वेगळं काढायची सवय गेली नाही.

दादा आता मालवणला असतो, गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत आहे. पत्र लिहितोय म्हटल्यावर त्याने सांगितलं, माझा सॅल्यूट लिही. लिहिला.

आपला विद्यार्थी,
नववी ब, १९७१-७२