न निवडलेला उपदेश

प्रिय दानिएल,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रागावून लिहिलंयस, पण तो राग चर्चच्या मंडळीवर आहे, प्रभूवर नाही, एवढं बरं वाटलं. तुझा मुद्दा असा, की घरी शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो, मोबाईलवर नामांकित वक्त्यांचे संदेश ऐकतो. मग रविवारी उठून एका साध्या पाळकाचा रटाळ उपदेश ऐकायला का जायचं?

उपदेश रटाळ होतात, यावर आपला वाद नाहीच. येशूचा संदेश गावोगावी सांगणाऱ्या प्रेषित पौलाचाही झाला होता की! त्रोवस शहरात तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख गाढ झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. उचलला तेव्हा मेलेला होता. पौल खाली धावला, त्याला कवेत घेतलं, आणि पोरगा जिवंत झाला. नंतर पौल पुन्हा वर गेला, भाकर मोडली, आणि उजाडेपर्यंत बोलतच राहिला! (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 20.) त्या मुलाला झोपल्याबद्दल कुणी बोल लावल्याचं ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने कुठे लिहिलेलं नाही. त्याला झोप लागली, पण माणसांत लागली, म्हणून तो पडला तेव्हा खाली धावणारे होते. एकट्याने मोबाईलवर ऐकता ऐकता आपण विश्वासातून घसरलो, तर कुणाच्या लक्षात येणार?

तू ऐकतोस ते संदेश चांगले असतील, पण ते तू निवडलेले आहेत. बोचायला लागलं की बोटाने पुढे सरकवता येतात. पाळक एखादं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, ओळीने घेऊन चालला असेल, तर आपण टाळलेला भाग एखाद्या रविवारी समोर येतोच. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्यायच घे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू म्हणतो. घरी हे वाचून आपण मान डोलावतो आणि पान उलटतो. चर्चमध्ये तो भाऊ दोन बाकं पुढे बसलेला असतो! अर्पणाची थैली त्याच्याकडून फिरत आपल्याकडे येते. त्या दिवशी पाळक अडखळत बोलला तरी वचन जिथे लागायचं तिथे लागतं. मला वाटतं, कित्येकदा वक्तृत्वाची तक्रार आपण या बोचणीपासून सुटण्यासाठीच करतो. तुझ्याबाबतीत तसं आहे असं म्हणत नाही, पण स्वतःला विचारून बघ.

पाळक म्हणेल ते सगळं मुकाट्याने गिळायचं, असंही नाही. बिरुया शहरातले लोक तर पौलाचं बोलणंही खरं आहे की नाही, हे रोज शास्त्र उघडून पडताळत, आणि लूक त्याबद्दल त्यांची वाखाणणीच करतो. पाळक चुकला तर उपासनेनंतर त्याला गाठून विचारता येतं, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींकडे जाता येतं. मोबाईलवरच्या वक्त्याला तू कुठे गाठणार? आणि तुझ्या घरी आजारपण आलं, तर तो प्रार्थनेला येणार आहे का?

आणखी एक. दुसऱ्या शतकाच्या मध्याला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचत, मग अध्यक्ष बोध करी, मग सगळे उभे राहून प्रार्थना करत, भाकर आणि द्राक्षारस घेत. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवत. ऐपतीप्रमाणे दिलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची काळजी घेतली जाई. यातून तू फक्त बोध उचललास आणि बाकीचं सोडून दिलंस. वचन, भाकर आणि विधवेची गरज हे त्यांच्याकडे एकाच बैठकीत होतं.

गाण्याचंही तसंच. कधी मन इतकं कोरडं असतं की ओठ हलत नाहीत. तेव्हा शेजारचा गातो, आणि त्याच्या विश्वासावर आपण त्या दिवसापुरते उभे राहतो. पुढे कधी त्याची पाळी येते. तू नसलास तर त्या दिवशी त्याच्या शेजारी कोण?

अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा रविवारीही ड्यूटी असलेल्यांना मी हे ऐकवणार नाही. मंडळीतच ज्यांना दुखावलं गेलं, त्यांनी त्याच बाकावर परत जाऊन बसावं, असंही म्हणणार नाही. दुसरी मंडळी शोधावी. पण तुझी तक्रार केवळ कंटाळ्याची आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ आधी विचारून घे, शनिवारी वाचून ठेव, आणि उपदेशात काय उमगलं नाही ते पाळकांना तोंडावर सांग. नुसतं "छान झाला" ऐकून तेही कंटाळले असतील.

मुलांना जबरदस्तीने न्यावं का, हे तू शेवटी विचारलंयस. मी नेईन. उपदेश त्यांच्या डोक्यावरून जाईल, चुळबुळ करतील, करू देत. पापांगीकाराच्या, म्हणजे उपासनेत आपली पापं कबूल करण्याच्या, वेळी आपला बापही मान खाली घालतो, हे त्यांना घरी क्वचितच बघायला मिळतं. तुझी बायको याबद्दल काय म्हणते ते मात्र कळव, तिचं मत तू पत्रात लिहिलेलंच नाहीस.

तुझा,
शमुवेल