होटगीपर्यंत रेल्वेने, पुढे पायी

रविवारी फिरायचं म्हटलं की सोलापूरकर गाडी काढून तुळजापूर नाहीतर अक्कलकोट गाठतात. एकदा रेल्वेने होटगीला उतरून बघा. गदगचा फाटा फुटतो तेच हे जंक्शन. जानेवारीत आम्ही चौघे तिथून तलावाकडे चालत गेलो. दोन्ही अंगांना ज्वारीची ताटं, पायाखाली भेगाळलेली काळी माती, पाण्यावर चक्रवाकांची नारिंगी जोडी! वाटेत एका मावशींनी हुरडा भाजून दिला, वर शेंगाचटणी. पैसे काही घेईनात. रोहित पक्ष्यांसाठी अशीच भटकंती भिगवणलाही करता येते. परतीची गाडी मात्र आधी बघून ठेवावी. स्टेशनाबाहेर तलावाची वाट दाखवणारी ठळक पाटी हवी. आणि जाणाऱ्यांनी बांधावरूनच चालावं, उभं पीक तुडवू नये.

— एक वाचक, सोलापूर