उपासनेतले सौंदर्य उरलेल्या पैशांवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की आपल्या अंकात सोलापुरातल्या चर्चच्या रोषणाईची छायाचित्रे येतात. ती पाहून आनंद होतो. पण त्या खर्चाचा विषय निघाला की चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत कोणीतरी हमखास विचारतो, ‘एवढ्या पैशांत किती गरीब मुलांची फी भरता येईल?’ आणि सगळे गप्प होतात.

प्रश्न प्रामाणिक आहे, जुनाही आहे. बायबलमध्ये, बेथानी गावात एका स्त्रीने जटामांसीच्या सुगंधी तेलाची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर ओतली, तेव्हाही अशीच कुरकुर झाली: तीनशे दिनारांहून अधिक किमतीचे तेल विकून गरिबांना देता आले असते! दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे ही रक्कम जवळजवळ वर्षभराची कमाई. येशूने त्या बाईची बाजू घेतली. गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, वाटेल तेव्हा त्यांचे भले करा, असेही सुनावले. दानातून कोणाची सुटका झाली नाही आणि त्या बाईची कृती वायफळही ठरली नाही.

आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सत्याला मान आहे; उपदेश शास्त्राला धरून नसेल तर पाळकांनाही लोक विचारतात. आजाऱ्याच्या घरची प्रार्थना, मयताच्या घरची धावपळ, ही चांगुलपणाची कामेही मनापासून होतात. सौंदर्याच्या वाट्याला मात्र उरलेला पैसा आणि उरलेला वेळ येतो. ख्रिस्ती विचारवंतांनी त्याला असे मागे बसवलेले नाही. संत ऑगस्टीन देवालाच ‘सौंदर्या’ अशी हाक मारतात, पुरातन तरी नित्यनव्या सौंदर्या, आणि प्रेम करायला उशीर झाला म्हणून हळहळतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली: पूर्णता, प्रमाणबद्धता, तेज. तीही देवपुत्राविषयी लिहिताना. हान्स उर्स फोन बाल्थासार या स्विस धर्मपंडितांनी तर 1961 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या महाग्रंथाचा आरंभच सौंदर्यापासून केला. सौंदर्य गेले की चांगुलपणाची ओढ उरत नाही आणि सत्याचे पुरावेही पटेनासे होतात, हे त्यांचे म्हणणे मला रविवारी तरुणांचे रिकामे बाक पाहताना फार जाणवते.

आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी वरून छापलेली नसते, जॅकार्ड मागावर ती कापडाबरोबरच विणली जाते. उपासनेतले सौंदर्य तसे असावे. जुन्या दगडी भिंतीवर चकचकीत फरश्या, वेदीवर प्लास्टिकची फुले, म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवावेत असे स्पीकर, हे सगळे वरून चिकटवलेले. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 53 व्या अध्यायातल्या दुःखी सेवकाला ना रूप आहे ना डौल, आणि त्याच्यातच आम्ही ख्रिस्ताला ओळखतो. क्रूसासमोर जे टिकत नाही ते सौंदर्य आमच्या कामाचे नाही. मिळकतीवरून सभासद एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे असतील, तर त्या मंडळीची रोषणाई कितीही झगमगली तरी खोटीच दिसणार.

खरे सौंदर्य विकत आणण्याची आपल्याला गरजही नाही. 1813 मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगर आणि सोलापूरपर्यंत पोचले. त्याच परंपरेत कृष्णराव सांगळे यांची पदे-कीर्तने झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1919 मध्ये देवाघरी जाईपर्यंत अभंग, पदे, भजने लिहिली. तुकोबांच्या वळणाची मराठी आणि ख्रिस्ताची भक्ती तिथे एकाच ओळीत नांदते. पंढरपूरच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला अभंगाची चाल वेगळी शिकवावी लागत नाही! पण ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी गीतपुस्तकातली कितीतरी गीते आता चाल ठाऊक नाही म्हणून कोणी लावत नाही. पडद्यावरची हिंदी-इंग्रजी गीते मुलांनी जरूर गावीत, त्यांत भक्ती आहेच. घरचे मात्र हरवू नये.

शहरातल्या सर्व मंडळ्यांच्या पंचांना माझी विनंती आहे. यंदा नाताळच्या अंदाजपत्रकात गरिबांचे दान पहिले लिहावे आणि त्याखालीच पेटी, तबला व गायन शिकवणाऱ्याचे मानधन लिहावे. ज्या वडीलधाऱ्यांना जुन्या चाली येतात, त्यांना शनिवारी संध्याकाळी मुलांसमोर बसवून त्या चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. हे काम नाताळनंतरवर ढकलू नये.

आपला,
मंडळीचा एक सभासद, सोलापूर