जिरूची चाल आणि बाबांचा गुडघा

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू "बरं" म्हणून फोन बाबांकडे दिला असतास आणि बाबांनी पावसापाण्याचं विचारलं असतं. म्हणून लिहितेय. दोघांनी शेजारी बसून वाचा, आणि वाचून होईपर्यंत ताईला फोन लावू नका.

मी व्हँकुव्हरचं काम घेतलंय. सही करून कागद पाठवलेसुद्धा. दीड वर्षासाठी. जूनच्या सुरुवातीला निघायचंय, त्याआधी पंधरा दिवस इंदूरला येतेय, तिकीट काढलंय.

तुम्हाला आधी विचारलं नाही, हे खरं आहे. विचारलं असतं तर दोघंही "जा" म्हणाला असतात. मागच्या उन्हाळ्यात बाबा पडले तेव्हासुद्धा तुम्ही मला "काही नाही गं, तू तुझं काम बघ" असंच म्हणाला होतात. तसलं "जा" ऐकून निघायची माझी हिंमत नव्हती. आठ वर्षं मी जाहिरातींतली बिस्किटं आणि साबण हलवतेय. त्यावर माझं घर चाललं, तक्रार नाही. पण हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट आहे आणि त्यातला कुत्रा माझ्याकडे दिलाय. एक एकटी म्हातारी बाई आणि तिचा कुत्रा, एवढीच गोष्ट. याहून जास्त सांगायची परवानगी नाही. पैसेही बरे आहेत, आणि वरच्या मजल्याची गळती या वेळी नीट काढून घेता येईल. हे सगळं पुन्हा पुन्हा मनाशी घोळवतेय, म्हणजे तुम्हाला पटवतेय की स्वतःला, कळत नाही.

हे काम मला कशामुळे मिळालं ते सांगायचंय. तुमच्यामुळे मिळालं, आणि जिरूमुळे.

त्यांनी परीक्षा म्हणून दहा सेकंदांचा एक प्रसंग मागितला होता. कुत्रा पायरीवर थांबून मालकाची वाट बघतो, बस्स. कुत्र्यानं बोलायचं नाही, शेपूटही फारशी हलवायची नाही. बाबा, ग्रोमिट आठवतो ना? भाड्यानं आणलेल्या सीडीवर आपण तो बघायचो आणि आई म्हणायची, याला तोंडच नाहीये. मातीच्या त्या कुत्र्याला खरंच तोंड नाही. त्याला घडवणाऱ्या निक पार्कनं आधी त्याला बोलायला लावायचं ठरवलं होतं, पण नुसती कपाळावरची भुवई वरखाली केली तरी सगळं कळतंय हे ध्यानात आल्यावर बोलणं सोडून दिलं. चिकणमातीची एवढीशी वळी. जरा वर गेली की काळजी, खाली आली की कंटाळा. २०१९ साली संशोधकांनी दाखवलं की कुत्र्यांना भुवईचं आतलं टोक उचलणारा एक बारीक स्नायू असतो आणि लांडग्यांत त्या जागी जेमतेम काही तंतू असतात. हजारो वर्षं माणसाच्या सोबतीत राहून ती भुवई घडली असावी, असं त्यांचं म्हणणं. पोळीच्या डब्यासमोर बसलेला जिरू डोळ्यांसमोर आणला की मला ते लगेच पटतं.

मग मी आईनं पाठवलेला व्हिडिओ काढला. तुळशीपाशी उभं राहून घेतलेला, चाळीस सेकंदांचा, कोपऱ्यात आईचं बोट. बाबा दूध घेऊन येतायत, जिरू पुढे आहे, मग ओटल्याच्या तीन पायऱ्या. मागे कचरा गाडीचं गाणं वाजतंय आणि एरवी त्या गाण्यावर मान वर करून हेल काढणारा जिरू गप्प आहे. हे मला पहिल्यांदा बघताना जाणवलंच नव्हतं.

आमच्या चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात, फोनच्या व्हिडिओत ३०. मी एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. कुत्र्याची चाल काढताना शिकाऊ मुलं हमखास चुकतात. सावकाश चालणारा कुत्रा आधी मागचा डावा पाय टाकतो, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. जिरू फाटकापासून असाच येतो, घड्याळासारखा. दुसऱ्या पायरीवर मात्र त्याचा पुढचा डावा पंजा वर टेकतो आणि पुढचं पाऊल येतच नाही. मान मागे वळते. एक कान खाली. १९ फ्रेम तो तसाच उभा आहे. बाबांचा हात कठड्याला लागतो, तेव्हा तो पुढचं पाऊल उचलतो.

आणि बाबा, मग मी तुमचे पाय मोजले. उजवा पाय २४ फ्रेम जमिनीवर राहतो. डावा १५. त्या डाव्या पायावर तुम्ही भारच टाकत नाही आहात. प्रत्येक पायरीवर उजवाच पाय आधी वर जातो, डावा मागून ओढून घेता. दिवाळीत मी विचारलं तेव्हा "वाताचं तेल लावतोय, उतार आहे" म्हणालात. मला वाईट वाटलं ते तुम्ही लपवल्याचं नाही. तुम्ही नेहमीच लपवता. रात्री दोन वाजता मला ते एका व्हिडिओतून कळलं, आणि जिरूला ते कधीपासून माहीत होतं, याचं वाटलं.

१९६१ सालच्या त्या ठिपकेवाल्या कुत्र्यांच्या चित्रपटात सुरुवातीला एक प्रसंग आहे. कुत्रा खिडकीत बसून रस्त्यावरच्या बायका आणि त्यांची कुत्री बघत असतो, आणि प्रत्येक जोडी एकमेकांसारखी दिसते. तोच चालण्याचा डौल, तीच मान. चित्रकारांच्या पेन्सिलच्या रेघा त्यात झेरॉक्सच्या तंत्रानं थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक पानावर, उतरवल्या होत्या, त्यामुळे रेघ जरा खरखरीत राहिलीय. कॉलेजात तो प्रसंग बघताना आम्ही हसायचो. परवा पुन्हा लावला आणि मला तुम्ही दोघं रामबागेच्या गल्लीत दिसलात. जिरूसुद्धा आता मागचा डावा जपून टाकतो. त्याचं वय झालंय म्हणून, की तुमचं बघून, मी सांगू शकत नाही.

मी तेच काढलं. १९ फ्रेम थांबणारा कुत्रा. मालक दाखवलाच नाही, फक्त कठड्यावर येणारा हात दाखवला. तिकडून मला उत्तर आलं, "त्या थांबण्यासाठी तुम्हाला घेतोय."

तर आता ऐका. शुक्रवारी अकराला हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. शेजारचा बंटी गाडी घेऊन येईल, रिक्षानं जायचं नाही. एक्स-रे उभं राहून काढायला सांगा, झोपून काढलेल्यात गुडघ्यातलं अंतर नीट कळत नाही. तेल लावा, मी नाही म्हणत नाही, पण डॉक्टर सांगतील तो व्यायाम करायचा. कठडा एकाच बाजूला आहे, दुसऱ्या बाजूलाही बसवून घेतेय, सुतार सोमवारी येईल, त्याला परत पाठवू नका. दुधाला सकाळी तुम्हीच जा, ते मी बंद करणार नाही. संध्याकाळी मात्र जिरूला बंटी फिरवेल. आई, बाबा "मी बरा आहे" म्हणाले की तू लगेच मान डोलावतेस, ते या वेळी नको. आणि तुझी बीपीची गोळी जेवणानंतर आठवली तर घेते, असं चालणार नाही.

माझी काळजी करू नका. खोलीला स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, तूरडाळ आणि पोहे तिथे सहज मिळतात, पोह्यांवरचं जिरावण मी इंदूरहूनच नेईन, आई तू फक्त डबा घट्ट बंद करून दे. जाड कोट घेतलाय. तिथे गेल्यावर तुमचे रात्रीचे साडेआठ वाजतील तेव्हा माझे सकाळचे आठ, म्हणजे तुमचं जेवण आणि माझा चहा एका वेळी होईल. बाबा, तुम्हाला तो घराला फुगे बांधून उडणारा म्हातारा फार आवडला होता, २००९ सालचा. तो ७८ वर्षांचा दाखवलाय. तुम्ही अजून चार वर्षांनी लहान आहात. तो आधी कुत्र्याला हाकलत असतो, आणि शेवटी तोच कुत्रा त्याच्याकडे राहतो. तुम्हीही रंगपंचमीला, गेर बघून परत आलो तेव्हा, या पिल्लाला हाकलत होतात. आईनं तीन बादल्या पाणी ओतल्यावर कुठे रंग निघाला. रात्री त्याच्यासाठी पोतं अंथरलंत ते तुम्ही, मी नव्हे.

तुमच्या बँकेच्या जुन्या डायऱ्यांच्या कोपऱ्यांत मी कुत्रा पळवला होता, आठवतं? पानं भरभर सोडली की तो डावीकडून उजवीकडे जायचा. ऑफिसातून आल्यावर बूट न काढता तुम्ही तो पळवून दाखवायचात, आणि मी "परत" म्हटलं की परत. किती वेळा "परत" म्हटलं असेन. एकदाही तुम्ही पुरे म्हणाला नाहीत.

जिरूबद्दल एक लिहायचं टाळत होते. तो बारा वर्षांचा आहे. मी परत येईन तेव्हा साडेतेरा-चौदाचा असेल, आणि रस्त्यावरून आणलेला असला तरी चिवट आहे, खूप चिवट आहे. पण काही झालं तर मला त्याच दिवशी सांगा. माझं काम बिघडेल म्हणून चार दिवस थांबू नका. मला सांगितलं नाहीत तर मात्र मी खरंच रागावेन.

त्याला कांदा घातलेले पोहे देऊ नका, आई, कितीही बघत बसला तरी. कुत्र्यांच्या रक्ताला कांदा वाईट. नखं वाढली की पायरीवर घसरतो, महिन्याला बंटीकडून कापून घ्या. थंडीत फरशीवर झोपू देऊ नका. दिवाळीत फटाके सुरू झाले की मधल्या खोलीत ठेवा आणि पंखा मोठा करा.

आणि दर रविवारी मला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, दुधाहून परत येतानाचा. फोन आडवा धरायचा, जिरूच्या उंचीवर, बोट काचेवरून काढून. मी दोघांचेही पाय मोजणार आहे.

सोबत माझी निळी ओढणी पाठवतेय. ती धुवू नकोस, आई. कुत्रा आपल्याला बहुतेक नाकानंच ओळखतो आणि आम्हाला पडद्यावर तेवढंच काढता येत नाही. त्याच्या गोधडीखाली घाल, डोकं ठेवतो त्या बाजूला.

तुमची,
मनू